बारा व्होल्टची भानगड

गाडी कायमची बंद पडली तर परवडते. ओढून गॅरेजला न्या, काय बदलायचं ते बदला, पैसे मोजा आणि विषय संपवा. जीव खाते ती मधूनच बंद पडणारी. आमची पिकअप सकाळी लालबागहून पहिल्या किल्लीला निघायची. दुपारी माहीमला सामान उतरवून परत किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवा, पुन्हा टक. पोरांनी मागून जोर लावला, गाडी हातभर सरकली, की सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, व्यवस्थित फिरायचा. आणि गॅरेजला नेली की तिथं ती कधी म्हणजे कधीच अडायची नाही. मेकॅनिक किल्ली फिरवायचा, इंजिन लागायचं, आणि तो आमच्याकडे अशा नजरेनं बघायचा की या लोकांचंच काहीतरी बिघडलंय.

बरं, तक्रार एक असती तर गोष्ट वेगळी. रात्री हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर चढायचा, बंद केला की मुकाट खाली. नवी बॅटरी वर्ष पुरं करत नव्हती. एक्सलेटरची केबल बदलली तरी काही दिवसांत पुन्हा जड. डावा इंडिकेटर त्याच्या मर्जीनं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे चालता चालता इंजिन गप्प व्हायचं. धूर नाही, आवाज नाही, आचका नाही. हिंदमाताच्या पुलावर मागं बेस्टची बस हॉर्न देतेय आणि आपण बंद इंजिनानं उतारावरून घरंगळतोय, हा अनुभव आमच्या ड्रायव्हर अण्णांनी घेतलेला आहे. कडेला येईपर्यंत इंजिन पुन्हा लागायचं. मग अण्णा दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

आमचा धंदा मंडप डेकोरेशनचा. बांबू, वासे, लोखंडी पाइप, ताडपत्र्या, कनाती, काथ्या आणि रोषणाईचं सगळं सामान. म्हणजे विजेशी आमचं रोजचं नातं. बाबा अंधारात नुसत्या हातानं चाचपून सांगतील की कुठली माळ कुठल्या बोर्डावरून आली आहे, आणि मी स्वतः इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून हिशेबाच्या वहीत अडकले आहे. दहा दिवस लाखभर दिवे न विझता चालवणाऱ्या घरातली गाडी एका दिव्यानं बेजार व्हावी, यावर गल्लीत बरेच विनोद झाले. पण आमचं ज्ञान २३० व्होल्टचं. गाडीत १२ व्होल्ट, आणि तिथले कायदे निराळे.

निराळे म्हणजे कसे, ते सांगते. मंडपातला १००० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत-बाहेर घेतो. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास तेवढाच करंट घेतो. व्होल्ट कमी म्हणून करंट जास्त. आणि डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ? तो दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. आता ओहमचा नियम, जो त्यानं १८२७ साली मांडला आणि आम्ही पाठ करून परीक्षेनंतर विसरलो: करंट गुणिले रोध म्हणजे वाटेत खाल्लेले व्होल्ट. एखाद्या गंजलेल्या जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढा रोध असेल, तर दोनशे अँपिअरला तिथं दोन व्होल्ट गडप. घरात २३० मधले दोन गेले तर पंख्यालाही कळत नाही. १२ मधले दोन गेले तर सेल्फ ‘टक’ करून थांबतो.

दुसरा फरक त्याहून मोठा. घरात दोन वायरी दिसतात, जाणारी आणि येणारी. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून करंट वायरीनं दिव्यापर्यंत जातो आणि परत येतो तो चासीच्या लोखंडातून, म्हणजे बॉडीतूनच. त्यात तांबं वाचतं, वायरिंग निम्म्यावर येतं, म्हणून सगळ्या जगातल्या गाड्या अशाच बनतात. पण परतीची वाट वायर नसून लोखंड असल्यामुळे तिच्याकडे कुणी वाट म्हणून बघतच नाही. फ्यूज बघतात, रिले बघतात, लाल वायर तपासतात. बॉडीला कोण तपासणार? ती तर समोर उभी आहे.

आणि आमच्या पिकअपची बॉडी भलतीच शिकलेली होती. गाडी दुसऱ्या हाताची, पनवेल पासिंगची. आधीच्या मालकानं तिच्यातून मासळी वाहिली होती. मासळीच्या गाडीत वर्षानुवर्षं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकत राहतं. त्यात आपल्याकडची हवा, जी गॅलरीतल्या स्टीलच्या कड्यालाही सोडत नाही, आणि वर पावसाळ्याचं दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी. वायरीच्या टोकाची तांब्याची कडी, म्हणजे थिंबल, खाली लोखंड, मध्ये मिठाचं पाणी: दोन वेगळे धातू आणि खारा ओलावा एकत्र आले की तिथं नको असलेली बॅटरी तयार होते आणि लोखंड खात बसते. गाडी घेताना बाबांनी इंजिनचा आवाज ऐकला, टायर बघितले, हौद्याचा पत्रा वाजवून पाहिला. मासळीचा वास येत होता, तो फिनाइलनं गेला.

गॅरेजात काय झालं ते थोडक्यात. आधी बॅटरी बदलली. मग सेल्फ खोलून कार्बन ब्रश आणि बुश नवे घातले. मग डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. (अल्टरनेटर येऊन कित्येक दशकं झाली, पण आपल्याकडे गॅरेजात तो डायनामोच.) दर वेळी काही दिवस गाडी बरी चालली. हे महत्त्वाचं आहे. पार्ट बदलताना माणूस दहा नट सैल करतो, दहा टर्मिनल हलवतो, घासतो, पुन्हा आवळतो. त्या हलवाहलवीत खरा दोष तात्पुरता दबतो आणि श्रेय नव्या पार्टला जातं. मी त्या गॅरेजवाल्याला लबाड म्हणणार नाही. त्याला पार्टचे पैसे मिळतात, बसवायचे मिळतात. गाडी बंद पडायची वाट बघत तिच्या शेजारी उभं राहण्याचे पैसे त्याला कोण देणार? मधूनच येणारा बिघाड शोधायला लागतो तो मुख्यतः वेळ, आणि बिलात वेळेचा रकाना नसतो.

तेव्हा वेळ आमच्याकडून घालायचा ठरलं. मी अण्णांना चलनबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला सांगितलं. काय झालं ते नको, ते आता पाठ आहे. कधी झालं ते लिहा. गाडी तापलेली होती की थंड, उभी कुठं होती, सपाट की उतारावर, लाइट चालू होता का, पाऊस होता का, आणि नंतर काय केल्यावर सुरू झाली.

“ताई, गाडी लहरी आहे. लहरीचं काय लिहायचं?”

“लिहा तर खरं, अण्णा.”

अण्णांचं अक्षर बारीक आणि भाषा तारेची. ‘माहीम. ऊन. भरून आलो, खाली केली. टक. धक्का. चालू.’ ‘परळ. थंड. चालू.’ ‘भायखळा. पाऊस. चालू.’ ‘दादर फूल मार्केट. एक चाक फुटपाथवर. टक. खाली उतरवली. चालू.’ ‘शिवडी. रेल्वेचे रूळ. इंजिन बंद. आपोआप चालू.’ मध्येच एका पानावर ‘चहा १०’ असंही आहे, ते दोषाशी संबंधित नाही.

ही पानं घेऊन आम्ही रे रोडला गेलो. दारूखान्याच्या बाजूला, जिथं जहाजं तोडल्याचं लोखंड ढिगानं पडलेलं असतं, तिथल्या एका गल्लीत भाईंचा गाळा आहे. भाई ऑटो इलेक्ट्रिशियन, मूळचे दापोलीकडचे, बाबांच्या वयाचे. गाळा इतका लहान की गाडी रस्त्यावर आणि भाई बॉनेटखाली, हीच त्यांची कायमची जागा. त्यांनी चष्मा चढवून चलनबुक वाचलं. एकेक पान. मग अण्णांना एकच प्रश्न विचारला.

“हेडलाइट लावल्यावर डिझेलचा काटापण चढतो का?”

अण्णा म्हणाले, “डिझेलचा काटा कसला चढतोय, भाई! तो चढला असता तर मी तक्रार केली असती का?”

भाई हसले नाहीत. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनच्या अंगात आटे पाडून बसवलेला असतो, त्याची परतीची वाट इंजिनमधून. डिझेलच्या टाकीतल्या सेन्सरची वाट चासीतून. दोन्ही काटे चढले असते तर दोष मीटरच्या मागं. एकटा टेंपरेचरचा चढतोय, म्हणजे इंजिन आणि चासी यांचं एकमेकांशी जमत नाहीये.

ही गोष्ट मला शिकवायला कुणी नव्हतं. इंजिन चासीवर थेट बसलेलं नसतं. त्याच्या थरथरीनं गाडी खिळखिळी होऊ नये म्हणून ते रबराच्या फाउंडेशनवर टांगलेलं असतं. रबर म्हणजे विजेला बंद दार. बॅटरीचा निगेटिव्ह आमच्या गाडीत चासीला, आणि सेल्फ व डायनामो दोन्ही इंजिनच्या अंगावर. मग त्या दोघांचा करंट चासीपर्यंत येणार कसा? त्यासाठी इंजिनपासून चासीपर्यंत तांब्याच्या जाळीची एक पट्टी असते, वीतभर लांब, दोन टोकांना दोन बोल्ट. गाडीतला सगळ्यात जास्त करंट त्या पट्टीतून जातो, आणि ती बसते इंजिनच्या खालच्या अंगाला, चिखल, तेल आणि पाणी यांच्या राज्यात.

मी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं डिजिटल मल्टिमीटर काढलं, ओहमवर ठेवलं, एक टोक इंजिनला, एक चासीला. ०.२ ओहम. दोन्ही पिना एकमेकींना चिकटवल्या, तरी ०.२. म्हणजे तो रोध पिनांच्या वायरींचाच, पट्टी शून्य, उत्तम. भाई म्हणाले, “ते ठेव बाजूला. ओहमवर मीटर इतका कमी करंट सोडतं की तांब्याच्या तारेचा एक केस शिल्लक असला तरी त्याला सगळं ठीक वाटतं.”

आमच्या चाळीत पूर्वी नळाला पाणी यायचं तेव्हा पाइप गंजून आतून काडीएवढा झाला असला, तरी नळ बंद असताना आत जोर पुरता असायचा. बादली लावली की मग कळायचं. हेही तेच. करंट वाहत नाही तोवर व्होल्ट कुठंच पडत नाहीत. वाहू लागला की अडचण जिथं आहे तिथं ते पडतात, आणि मीटरला नेमके हेच पडलेले व्होल्ट दाखवायला लावायचे.

तर भाईंनी डिझेल रोखणाऱ्या सॉलिनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेची, वायर उपसून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन लागणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (खांबावरच, त्याच्या क्लिपवर नाही, कारण क्लिप आणि खांब यांच्यातही चोरी असू शकते), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. अण्णांनी किल्ली फिरवली. सेल्फ मजेत फिरला, गाडी त्या दिवशी खुशीत होती. आणि मीटरवर दीड व्होल्टच्या वर. चांगल्या गाडीत इथं ०.२ च्या आसपास दिसावं, फार तर ०.५. मग लाल पिन चासीवर: ०.१. चासीपासून बॅटरीपर्यंतची वाट चोख. उरलं काय? इंजिन ते चासी. वीतभर.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त काही पटलं असेल तर ते इथं. आम्ही म्हणत होतो की बिघाड मधूनच येतो. तो मधूनच येत नव्हता. तो रोज, प्रत्येक किल्लीला हजर होता. ज्या दिवशी दीड व्होल्ट खायचा त्या दिवशी सेल्फ कसाबसा निभावून न्यायचा, ज्या दिवशी तीन खायचा त्या दिवशी टक. बिघाड गाडी बंद पडेपर्यंत थांबून पकडायची गरजच नव्हती. गाडी चालू असतानाही त्याचं खाणं चालू होतं. फक्त आपण ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोनच शब्द वापरत होतो आणि मधलं मोजत नव्हतो.

गाडीखाली बोरीचं पोतं अंथरून भाई आडवे झाले. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. हा क्रम चुकवू नये: सगळी बॉडी निगेटिव्ह असताना पॉझिटिव्हचा नट आधी खोलायला जाल आणि पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो आणि हात भाजतो. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून माणसं त्याला किरकोळीत काढतात. मग पट्टी बाहेर आली. वरून बघाल तर धडधाकट. जाळीवर काळं तेलकट पुटं, थिंबल जागेवर, बोल्ट घट्ट. भाईंनी चासीकडची थिंबल पक्कडीत धरून जरा पिळली आणि पट्टी तिच्यातून निघून हातात आली. थिंबलच्या आत हिरवी पूड होती, तळहातावर ओतता येईल अशी कोरडी. तांब्याच्या तारा आतल्या आत कुजून गेल्या होत्या, उरलेल्या काही केसांवर गाडीचा संसार चालला होता. आणि बोल्टच्या खाली चासीवर रंगाचा थर. कुणीतरी कधीतरी गंज लपवायला चासी रंगवली आणि पट्टी रंगावरच आवळली.

माहीमला धक्का दिल्यावर गाडी का सुरू व्हायची ते आता उघड होतं. धक्क्यानं इंजिन रबरावर जरा डोलतं, पट्टी हलते, कुजलेले केस पुन्हा थिंबलला टेकतात. दादरला एक चाक फुटपाथवर होतं तेव्हा चासी पिळली गेली होती. टेंपरेचरचा काटा का चढायचा? हेडलाइट लागला की डायनामोवरचा भार वाढतो, त्याचा करंट त्याच पट्टीतून, पट्टीवर व्होल्ट पडले की इंजिन आणि चासी यांच्यात तेवढी तफावत, आणि काट्याला वाटतं इंजिन तापलं. बॅटऱ्या वर्षाच्या आत का मेल्या? डायनामो त्याच्या जागी १४.२ व्होल्ट देत होता, बॅटरीपर्यंत तेवढे पोचतच नव्हते. अर्धपोटी ठेवलेली शिशाची बॅटरी आतून सल्फेट धरते. ती मेली, आम्ही दुसरी आणली, तीही उपाशी.

राहिली एक्सलेटरची केबल. भाईंनी ती अण्णांना हात लावायला सांगितली, सेल्फ मारून झाल्या झाल्या. “गरम आहे हो!” अण्णा म्हणाले. सेल्फच्या दोनशे अँपिअरला पट्टीतून वाट मिळेना, तेव्हा त्यातला काही भाग इंजिनापासून केबिनपर्यंत जाणारं जे काही लोखंड हाताला लागेल त्यातून निघाला. एक्सलेटरची केबल पोलादी तारेची, एक टोक इंजिनला, दुसरं पेडलशी. ती तापायची, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला धरायचं, पेडल जड. आम्ही केबलला तेल घालत होतो. कंपनीची केबल, लोकल केबल, सगळ्या घालून झाल्या होत्या. त्या बिचाऱ्या केबलचा गुन्हा एवढाच की पट्टीनं सोडून दिलेलं काम ती करत होती.

भाईंनी चासीवर पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, जाड नवी पट्टी आवळली, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस फासलं. ग्रीस आधी नाही, नंतर. आधी लोखंडाला तांबं भिडलं पाहिजे. पुन्हा तीच परीक्षा. मीटरवर ०.१२. सेल्फचा आवाजच बदलला होता.

इथं लेख संपला असता तर मला आवडलं असतं. पण शिवडीच्या रुळांवरचं इंजिन बंद पडणं तसंच राहिलं. तो बिघाड निराळाच होता, आणि आपल्याला एका आजाराला एकच कारण शोधायची इतकी सवय असते की भाईंनी “हे वेगळं” म्हटल्यावर बाबांना ते पटेना.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापवतात की त्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. जुन्या गाडीत एकदा इंजिन लागलं की विजेचं काम जवळजवळ संपतं. एक अपवाद: डिझेलची वाट उघडी धरणारं ते सॉलिनॉइड. त्याला करंट मिळतो तोवर वाट उघडी, तुटला की बंद. निमिषभर तुटला तरी इंजिन गप्प, आणि गाडी गिअरमध्ये घरंगळत असेल तर करंट परत आल्यावर आपोआप चालू. अण्णांच्या पानांवर हेच होतं, आणि जवळपास प्रत्येक वेळी खड्डा, रूळ किंवा गतिरोधक होता. उष्णतेशी, पावसाशी देणंघेणं नाही. हादरा.

आता प्रश्न असा की सॉलिनॉइड स्वतः सुटतंय की त्याला करंटच मिळत नाही. गाळ्यात उभ्या गाडीला हादरे द्यायचे कसे? भाईंनी बॉनेटखालचं वायरिंग हातानं हलवून, ओढून, पिळून पाहिलं. इंजिन बंद पडेना. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. मागच्या दिव्यातला एक छोटा बल्ब घेतला, त्याला दोन लांब वायरी लावल्या, एक सॉलिनॉइडच्या टर्मिनलला जोडली, एक बॉडीला, आणि बल्ब चिकटपट्टीनं डॅशबोर्डवर अण्णांच्या समोर लावला. म्हणजे सॉलिनॉइडला करंट आहे तोवर बल्ब पेटलेला. “इंजिन बंद पडलं की इंजिनकडे बघू नका,” ते अण्णांना म्हणाले, “बल्ब बघा. बल्ब चालू राहिला तर सॉलिनॉइड बदलू. विझला तर मागं शोधू.” एका बल्बानं अर्धी गाडी संशयातून मोकळी होणार होती.

अण्णा तो बल्ब घेऊन गावभर फिरले. सिग्नलला लोक वाकून बघायचे. एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं ‘डेकोरेशनवाले असले म्हणून डॅशबोर्डपण सजवायचा का’ असं विचारल्याचं अण्णांनी घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं. अखेर वडाळ्याकडे एका गतिरोधकावर इंजिन गेलं आणि बल्बही गेला. अण्णांनी लगेच फोन केला. “ताई, विझला!” आवाजात इतका आनंद की शेजारच्याला वाटावं लॉटरी लागली.

मागं म्हणजे इग्निशन स्विच ते सॉलिनॉइड. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं आणि आधीच्या मालकाचा सगळा संसार बाहेर आला. टेपची वायर, केबिनमधल्या पंख्याची, निळ्या दिव्याची, संगीत वाजवणाऱ्या हॉर्नची. आता यातलं काहीच गाडीत नव्हतं, पण वायरी होत्या, आणि प्रत्येकानं करंट घेतला होता तो स्विचच्या एकाच वायरीतून: सुरीनं इन्सुलेशन खरवडायचं, नवी वायर भोवती गुंडाळायची, वर टेप. सोल्डर नाही, कनेक्टर नाही. टेपचा डिंक उन्हाळ्यात पाझरून गेला होता, आतलं तांबं काळं पडलं होतं, आणि मूळ वायरीचे खरवडताना कापलेले धागे हादऱ्यागणिक सुटत आणि टेकत होते. भाईंनी तो तुकडा कापून टाकला, नवी वायर घातली, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. बाकीच्या अनाथ वायरींचं भेंडोळं त्यांनी माझ्या हातात दिलं. चांगलं किलोभर भरलं असतं.

बल्ब महिनाभर राहू द्या, असं भाईंनीच सांगितलं. इंजिन पुन्हा बंद पडलं नाही.

बिलावरून मात्र वाद झाला. भाईंनी पट्टी, वायर, वॉशर, स्लीव्ह आणि मजुरी धरून जो आकडा सांगितला तो आमच्या एका बॅटरीच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नव्हता. बाबांनी पाकिटातून त्याच्या वर पैसे काढले. भाई घेईनात.

“भाई, गणपतीत आम्ही मेन बोर्डाजवळ एक वायरमन रात्रभर बसवतो,” बाबा म्हणाले. “दहा दिवस तो काही करत नाही. खुर्चीवर बसतो, चहा पितो, बोर्डाकडे बघतो. त्याची हजेरी आम्ही देतो की नाही? तुम्ही ते चलनबुक वाचत बसलात त्याची ही हजेरी.”

“वाचायचे पैसे घेतले तर गिऱ्हाईक पळेल.”

“पळालेलं गिऱ्हाईक बॅटऱ्या बदलत बसेल.”

भाईंनी निम्मे घेतले, निम्मे बाबांच्या खिशात परत घातले आणि अण्णांना म्हणाले, डाव्या इंडिकेटरचं राहिलंय, शनिवारी गाडी लावा. शनिवारी बोरिवलीला लग्नाचा मंडप होता. अण्णांनी चलनबुकाचं नवं पान काढून वर ‘डावा इंडिकेटर’ असं लिहून ठेवलं आहे. खाली पहिली नोंद: ‘सायन. पाऊस. ब्रेक दाबला की बंद.’ मला वाटतं मागच्या दिव्याची अर्थिंग, म्हणजे बॉडीतून परतीची वाट, बिघडली असणार, पण भाई बघतील.